कानातल्या सहा बिया

माझ्या डाव्या कानात सहा बिया होत्या, हे मी तीन प्रतींत लेखी कबूल केलेलं आहे. एक प्रत परीक्षा शाखेत आहे, एक चौकशी समितीच्या फाईलला आणि एक माझ्या कपाटात. त्यामुळे लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण लोक ही हकिकत अर्धवट सांगतात आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतःची भर घालतात, म्हणून मीच सांगतो.

खात्याची वरिष्ठ श्रेणीची परीक्षा द्यायची ती माझी तिसरी आणि शेवटची वेळ. चोपन्न वर्षांनंतर बसू देत नाहीत आणि मला त्रेपन्न पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. नियम मला तोंडपाठ आहेत. सव्वीस वर्षं मी लोकांचे रजेचे आणि प्रवासभत्त्याचे अर्ज नियमावर बोट ठेवून परत पाठवत आलोय. पण प्रश्नपत्रिका हातात पडली की डोक्यातली सगळी पुस्तकं कोणीतरी फटाफट मिटून टाकतं. पहिल्या परीक्षेत मी नावाच्या जागी 'अर्जदार' असं लिहून आलो होतो.

"बाबा, तुम्हाला अभ्यासाची गरज नाही, शांत व्हायची गरज आहे," असं म्हणून लेकीने माझ्या हातात एक कूपन ठेवलं. त्यावर 'संपूर्ण चिनी स्वास्थ्य अनुभव' असं छापलेलं होतं. परीक्षा शनिवारी होती आणि हा अनुभव सोमवारी घ्यायचा होता. मी नको म्हणत होतो, पण कूपन परत करता येत नाही असं कळल्यावर बायकोने माझी अर्ध्या दिवसाची रजा स्वतःच लिहिली. मी फक्त सही केली.

तो स्पा एका टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होता. शेजारी दाताचा दवाखाना. दारातच बूट काढून घेतले आणि एक झगा दिला. "एकच माप सगळ्यांना होतं," असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. तो माझ्या गुडघ्यांच्या बराच अलीकडे संपला. मग चार पानी फॉर्म आला आणि तिथे मात्र माझा जीव रमला. फॉर्म उत्तम होता. भूक, झोप, घाम, राग, सगळ्याला वेगळा रकाना. जन्मभर दुसऱ्यांचे फॉर्म अपूर्ण म्हणून परत करणाऱ्या माणसाने एकही रकाना रिकामा सोडणं शोभलं नसतं. 'स्वप्नं पडतात का? असल्यास तपशील' यासाठी दोनच ओळी होत्या, म्हणून मी पुरवणी जोडली.

थेरपिस्ट बाई पन्नाशीच्या, पांढऱ्या कोटातल्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. सहा वर्षं एका चिनी गुरूंकडे शिकलेल्या. त्यांनी पुरवणीसकट सगळा फॉर्म वाचला, यावरूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मग त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली.

"जीभ दाखवा," त्या म्हणाल्या.

मी दाखवली.

"कडांना दातांचे ठसे आहेत. बोलायचं ते गिळता तुम्ही."

सरकारी नोकरी आहे, असं मी म्हणालो, पण जीभ बाहेर असल्यामुळे ते त्यांना नीट कळलं नसावं.

सुया सोडून काहीही चालेल, हे मी आधीच बजावलं होतं. म्हणून मला पालथं झोपवून पाठीवर काचेचे पेले लावले. पेल्यात क्षणभर ज्योत फिरवायची आणि तो पाठीवर टेकवायचा, की आतली कातडी फुगून वर येते आणि पेला घट्ट बसतो. असे सात. सात मावश्यांनी एकाच वेळी चिमटा काढून तो सोडायचं विसरून जावं, तसं वाटतं. तरी पाच-सात मिनिटांत बरं वाटू लागलं. डोळा लागतोय न लागतोय तोच आगीचा भोंगा वाजला.

आग नव्हती. शेजारच्या खोलीत कुणाच्या गुडघ्याला वाळलेल्या औषधी पाल्याची कांडी पेटवून शेक देत होते, त्याचा धूर छताच्या यंत्राला सोसला नाही. पण नियम म्हणजे नियम, सगळ्यांना जिन्यात काढलं. झगा पाठीवरून बंद होईना, कारण पेले. मी तो पुढून धरला आणि भिंतीकडे पाठ करून उभा राहायला गेलो, तर पेले भिंतीवर वाजले. तेवढ्यात दाताच्या दवाखान्यातून आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर बाहेर आले. त्यांचा एक गाल सुजलेला होता, त्यामुळे त्यांना फार बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"सात," ते म्हणाले आणि खाली उतरले.

भोंगा थांबल्यावर पेले काढले आणि शेवटचा उपचार झाला. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या सहा काळ्या बिया कातडीच्या रंगाच्या बारीक चिकटपट्ट्यांवर लावलेल्या असतात. त्या डाव्या कानाच्या पाळीवर ठरावीक ठिकाणी बसवल्या.

"शनिवारपर्यंत राहू द्या. मनावर ताण आला की त्या हळू दाबायच्या," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "आणि कधी दाबल्या, कशामुळे दाबल्या, ते टिपून ठेवा. माणसाला आपला ताण कुठून येतो तेच माहीत नसतं."

टिपून ठेवा, हे शब्द माझ्यासारख्याला सांगायला नको होते. घरी येताच मी मोठ्या कागदावर तक्ता आखला. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, ताणाचे कारण, दाबांची संख्या, शेरा.

संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीची आकडेवारी इमारतभर झाली होती. दुसऱ्या दिवशी गाल उतरल्यावर कंपाउंडर स्वतः वर आले आणि कानाची पाहणी करून म्हणाले, "डावा कान दाबला की उजवा मेंदू चालतो. तुमचे नियम मेंदूच्या कुठल्या बाजूला साठवलेत, ते विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. हा प्रश्न मला पुढे दोन दिवस पुरला. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची काळजी वेगळी होती. "केस धुताना जपा," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "बी आहे ते. ओल मिळाली की रुजणार." त्यांनी तीस वर्षं चौथीला हेच शिकवलेलं असल्यामुळे त्यांना उडवून लावणं अवघड होतं. मी डाव्या कानावर प्लास्टिकची पिशवी बांधून अंघोळ करू लागलो.

मुख्य म्हणजे बियांचा उपयोग होत होता. बी दाबली की एक बारीकशी कळ येई आणि तेवढ्यात मनातला विचार निसटून जाई. अडचण एकच होती, की हे सगळ्यांदेखत करावं लागतं. बुधवारी सासूबाईंचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर ठेवला होता आणि त्यांच्या वाक्यांच्या मधून मधून तीही बोलत होती. मी कान दाबला. बायकोने पाहिलं. ती काही म्हणाली नाही, आणि काही न म्हणणं हा तिचा स्वभाव नव्हे, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी मी परीक्षेला बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिले तीन प्रश्न घडाघडा लिहिले. चौथ्यावर अडलो. निलंबित कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता. मी डोळे मिटले आणि कान दाबला. उत्तर आलं. लिहिलं, पुढे पुन्हा अडलो, पुन्हा दाबला. डोळे उघडले तेव्हा पर्यवेक्षक बाई शेजारी उभ्या होत्या.

"कानात काय आहे?"

"बिया."

"कसल्या?"

पाच दिवस कानात वागवून हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हणालो, "चिनी."

या एका शब्दाने घात केला. चिनी म्हटल्यावर त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर बी नाही, बॅटरी आली. बाईंनी माझी उत्तरपत्रिका उचलली आणि घड्याळ पाहून तीवर वेळ टाकली. बावन्न मिनिटं शिल्लक होती.

केंद्रप्रमुखांच्या खोलीत जप्तीचा फॉर्म भरायला घेतला. त्यात कागद, पुस्तक, मोबाईल आणि अन्य यंत्र एवढेच पर्याय होते. पर्यवेक्षक बाई स्वभावाने सरळ होत्या. 'यंत्र' खोडून 'बी' लिहू का, असं त्यांनी विचारलं. पण खाडाखोड केली की तिघांच्या सह्या लागतात आणि तिसरा माणूस जेवायला गेला होता. शेवटी 'अन्य यंत्र (बीसदृश)' असं लिहिण्यात आलं. मग चिमट्याने बिया काढल्या. सहावी चिमट्यातून उडाली. केंद्रप्रमुख, बाई, शिपाई आणि स्वतः आरोपी असे चौघं गुडघ्यांवर बसून दहा मिनिटं फरशी धुंडाळत होतो. पाच बिया पाकिटात बंद झाल्या. सहावी अहवालात 'गहाळ' झाली. आरोपीने पुरावा गिळल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं एक वाक्य त्यात घालायचं ठरत होतं, ते मी हात जोडल्यावर राहिलं.

सोमवारी नोटीस आली. दहा दिवसांनी चौकशी, समिती तिघांची, अध्यक्ष आमचे मोठे साहेब. दोष सिद्ध झाला तर परीक्षा रद्द, आणि सेवापुस्तकात लाल शाईची नोंद. सव्वीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात निळ्याशिवाय शाई लागलेली नाही. ऑफिसात माझ्याशी बोलताना लोक माझ्या कानाकडे पाहून आवाज वाढवू लागले, जणू पलीकडे कोणी ऐकत असावं.

परीक्षा शाखेतल्या कारकुनाने एक वाट सांगितली. उपचार करणाऱ्यांचं प्रमाणपत्र आणायचं. मजकूरही त्यानेच सांगितला: 'सदर बियांमधून ध्वनी, वीज किंवा अन्य कोणत्याही प्रकारची ऊर्जा वाहत नाही.'

मी तो कागद घेऊन स्पात गेलो. थेरपिस्ट बाईंनी तो दोनदा वाचला.

"ध्वनी आणि वीज, एवढं लिहून देते," त्या म्हणाल्या. "अन्य कोणतीही ऊर्जा नाही, असं नाही देणार."

"बाई, एका ओळीचा प्रश्न आहे."

"तुमच्यासाठी एक ओळ आहे. माझं अख्खं शास्त्र ऊर्जा वाहते यावरच उभं आहे. ती वाहत नाही असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिल्यावर उद्या कुठल्या तोंडाने नाडी पाहू?"

मला राग यायला हवा होता. पण नियमासाठी समोरच्याचं नुकसान करणारी माणसं मला आतून आवडतात, मी त्यांच्यातलाच आहे. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, "तक्ता ठेवला होतात ना? तोच द्या की. परीक्षेच्या आधी पाच दिवस माणूस घरीदारी कान दाबत होता, म्हणजे ते कॉपीसाठी नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल."

हे इतकं बरोबर होतं की मला घाम फुटला. कारण त्या तक्त्यात काय आहे ते मला माहीत होतं. एकूण नोंदी त्रेचाळीस. पैकी मोठे साहेब एकोणीस, सासूबाई नऊ, तळमजला सहा, पाण्याची मोटर चार, लेकीचं गाडी शिकणं चार. आणि बायको एक.

तक्ता द्यावा तर साहेब हातचे जात होते, न द्यावा तर परीक्षा. दोन दिवस मी तो कपाटातून काढत होतो आणि परत ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आलो तर बायको पलंगावर बसून तोच वाचत होती, चष्मा लावून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मी उभाच राहिलो.

"आईच्या नऊ," ती म्हणाली.

"फोन स्पीकरवर असतो ना, म्हणून."

"असू दे. मी तक्ता ठेवला असता तर माझ्याही जवळपास तेवढ्याच झाल्या असत्या." तिने कागद उलटून मागची बेरीज पाहिली. "माझी एकच आहे. दिवसभर मी बोलत असते. पाच दिवसांत एकदाच दाबलात. म्हणजे माझं बोलणं तुमच्या कानावर पडतच नाही."

या बाजूने हल्ला होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी फक्त म्हणालो, "ती एक कुठली आहे, ते बघ."

तिने शोधलं. अनुक्रमांक एकतीस, गुरुवार, संध्याकाळी सहा. कारण: पत्नी पाऊण तास काहीच बोलली नाही. दाब अकरा. शेरा: काय झाले ते विचारावे.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही बुधवारी कान दाबलात तो माझ्यामुळे, असं वाटलं मला," ती म्हणाली. "म्हटलं, बघू या गप्प बसून." मग चष्मा काढून तिने विचारलं, "मग विचारलं का नाहीत?"

"तेवढ्यात मोटर बंद पडली."

तिने तक्ता माझ्या हातात दिला. "देऊन टाका. साहेबांना वाचू देत. तुम्ही काय खोटं लिहिलंय थोडंच?"

चौकशीच्या दिवशी लांबलचक टेबलाच्या मध्ये मोठे साहेब, एका बाजूला दुसऱ्या विभागातल्या वयस्क अधिकारी बाई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, जे पूर्ण वेळ पाकिटातल्या पाच बिया उजेडात धरून पाहत होते. मी तक्ता सादर केला. कार्यपद्धतीप्रमाणे पुरावा अध्यक्षांनी वाचून दाखवायचा असतो. साहेबांनी घसा साफ केला.

"अनुक्रमांक एक. मोठ्या साहेबांनी टिप्पणी परत केली. दाब तीन." ते किंचित थांबले. "अनुक्रमांक दोन. मोठ्या साहेबांनी तीच टिप्पणी पुन्हा परत केली. दाब पाच. अनुक्रमांक चार. मोठ्या साहेबांनी पहिलीच टिप्पणी बरी होती असे सांगितले. दाब नऊ."

"कसली टिप्पणी होती?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"खुर्च्यांची," मी म्हणालो.

"आल्या का खुर्च्या?"

"नाही."

साहेब पुढे वाचत राहिले. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. चोविसाव्या नोंदीवर त्यांनी कागद खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"साहेब हसले, असं लिहिलंय. दाब सात. यात ताण कसला?"

"का हसलात ते कळलं नाही, साहेब."

अधिकारी बाई पदराने चष्मा पुसू लागल्या आणि तो बराच वेळ स्वच्छ होईना. एकतिसावी नोंद साहेबांनी घाईत वाचली. बाई म्हणाल्या, "ही परत वाचा." त्यांनी परत वाचली. बिया पाहणाऱ्या गृहस्थांनीसुद्धा त्या पाकिटात ठेवल्या.

निर्णय अर्ध्या तासात लागला. तक्ता खरा वाटतो, कारण आपल्या विभागप्रमुखांविषयी असा पुरावा कोणी स्वतःच्या फायद्यासाठी तयार करणार नाही, असं कारण लिहिलं गेलं. ते साहेबांनाच लिहावं लागलं. मला दोषमुक्त करण्यात आलं आणि हिरावलेली बावन्न मिनिटं परत करायचं ठरलं. मिनिटं बावन्नच, त्रेपन्न नाहीत.

निकाल पुढे तीन आठवड्यांनी लागला आणि मी दोन गुणांनी पास झालो. साहेबांनी माझ्या बढतीच्या टिप्पणीवर पहिल्याच वाचनात सही केली. मी दुसऱ्या इमारतीत जाणार होतो, हे त्याचं कारण असेलही. पण मला सांगायचाय तो त्या बावन्न मिनिटांचा दिवस.

मोकळ्या हॉलमध्ये मी एकटा आणि तीन पर्यवेक्षक. आधी टॉर्च लावून दोन्ही कान तपासले. अडलो की हात आपोआप वर जाई आणि तिघंही एक पाऊल पुढे येत, म्हणून मी डावा हात मांडीखाली दाबून पेपर लिहिला. बाहेर आलो तर फाटकाशी बायको उभी होती. येणार असल्याचं तिने सांगितलं नव्हतं.

पेपर कसा गेला, हे तिने विचारलं नाही. आम्ही चालू लागलो आणि ती बोलू लागली. बोलता बोलता दोन चौक मागे पडले. मग ती थांबली आणि म्हणाली, "सांगा बघू, मी आत्ता काय काय बोलले?"

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. एक परीक्षा देऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. "एक, पडद्यांचं कापड आटलं आणि दुकानदार बदलून देत नाही," मी म्हणालो. "दोन, लेकीने गाडी फाटकावर घातली, पण फाटकच आधीपासून वाकडं होतं असं तिचं म्हणणं आहे. तीन, आईंना ऐकायला कमी येतंय, पण त्या मान्य करत नाहीत. चार, तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस. घास उतरत नव्हता म्हणालीस."



"ते मी दोन नंबरला सांगितलं होतं," ती म्हणाली. "क्रम चुकला तुमचा."

समोरच एक खाणावळ होती. आम्ही रस्ता ओलांडला.